टेम्पो कात्रजचा घाट चढणार होता

हिंदुरावांना मी फारसे ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. आमचे रोजचे बोलणे होते, तेही बरीच वर्षे. पण त्यांची सासुरवाडी कुठली, त्यांना भावंडे होती की नाही, देवावर त्यांचा विश्वास होता की ते नुसतेच हात जोडत, यातले मला काही ठाऊक नाही. त्यांच्या दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर कोणीतरी म्हणाले, "तुम्ही त्यांचे मित्र ना, दोन शब्द बोला." मी उभा राहिलो आणि खाली बसलो. जे तेव्हा जमले नाही ते आता लिहून बघतो आहे. लिहिण्याची मला सवय नाही. कचेरीत टिपणे लिहिली, तीही बहुतेक साहेबांनी खोडली. तेव्हा चुकेल तिथे सांभाळून घ्यावे.

मी मूळचा शनिवार पेठेतला. निवृत्तीनंतर मुलाने, आमोदने, बिबवेवाडीत फ्लॅट घेतला आणि माझ्या पत्नीला, मंदाकिनीला, व मला तिथे आणले. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला एक लोखंडी फाटक होते. त्या फाटकापलीकडे हिंदुरावांची जागा. खरे तर सोसायटीही त्यांच्याच वडिलोपार्जित जमिनीवर उभी आहे. ओळख झाली त्या दिवशी बोलायला काही सुचेना, म्हणून मी विचारले, "आमची इमारत आहे तिथे आधी काय होतं?"

"तुमच्या हॉलात ज्वारी," ते म्हणाले. "पार्किंगमधी हीर."

"विहीर? मग तिचं काय केलं?"

"बुजवली. म्हनून तर तुमच्या गाड्यांखाली बारा महिने ओल येती. तक्रार करू नका, ती बिचारी आधीपासनं तिथं हाय."

थोडी जमीन रस्त्याने नेली, थोडी सोसायट्यांनी. उरला होता टेकडीच्या पायथ्याशी एक पट्टा. त्यावर त्यांचे बैठे घर, पुढे अंगण, बाजूला पत्र्याची शेड आणि जुन्या बांधाच्या कडेने ओळीत उभे असलेले वीस-बावीस करंज. ते त्यांच्या वडिलांनी लावलेले. करंजाची सावली दाट असते. शेंगा चपट्या, टोकाला किंचित वळलेल्या. आपल्या दिवाळीतल्या करंजीला नाव या शेंगेवरूनच पडले असे म्हणतात. हिंदुराव शेंगेलाही करंजी म्हणत, तिच्यातल्या बीलाही करंजी आणि बीच्या तेलालाही करंजी. ते तेल कडूजहर. पूर्वी दिव्याला वापरत, नाहीतर खरूज झालेल्या जनावराला लावत.

त्या झाडांखाली दोन दगडी जोती होती. संध्याकाळी आम्ही तिथे बसायचो. एकदा ते म्हणाले, "येवढं ऱ्हायलं तर मी हितलाच हाय आसं म्हनता येतं, श्यामराव. न्हायतर मीबी तुमच्यासारखा बाहेरनं आल्यागत."

"आमचा फ्लॅट मालकीचा आहे," मी म्हणालो.

"तेच की," ते म्हणाले.

त्यांचा मुलगा साईनाथ मार्केट यार्डातून माल वाहायचा. त्याच्याकडे एक जुना डिझेलचा टेम्पो होता. मुलगा वाईट नव्हता, हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर लोक त्याच्याबद्दल काहीबाही बोलले. एका बिल्डरची माणसे त्या पट्ट्यासाठी त्याच्याकडे येत होती. घर गळत होते, पोरांच्या शाळा होत्या, पडवीत झोपणारे आईवडील म्हातारे होत चालले होते. जागा दिली तर तिथेच नव्या इमारतीत त्यांना फ्लॅट मिळणार होते. झाडे मात्र जाणार होती. सही हिंदुरावांची लागत होती आणि हिंदुराव सही करत नव्हते.

"आबा, ती झाडं करतात काय?" साईनाथ एकदा आमच्यासमोरच म्हणाला. "आंबा असता तर गोष्ट वेगळी. बकरी तोंड लावत नाही त्यांना."

ते वाक्य हिंदुरावांच्या मनात राहिले असावे. त्याच सुमारास त्यांना कोणीतरी एका संस्थेच्या शिबिराला नेले. अखाद्य तेलांपासून डिझेल कसे करतात हे तिथे शिकवत होते. परतले तेव्हा हातात छापील कागदांची पुस्तिका होती आणि चेहरा बदललेला होता. शिबिरातले एक वाक्य त्यांना फार आवडले होते. खायच्या तेलाचे डिझेल करणे म्हणजे माणसाच्या ताटातले काढून इंजिनाला घालणे. करंजाचे तसे नाही. ते कोणाच्याच ताटात नसते.

"कुनाच्याच ताटात न्हाय," ते पुन्हा म्हणाले. "म्हंजे कुनाचं नुकसान न्हाय."

त्या उन्हाळ्यात त्यांनी आणि तुळजाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, सगळ्या शेंगा वेचल्या, वाळवल्या, फोडल्या. फुरसुंगीच्या बाजूच्या एका घाण्यावरून तेल काढून आणले. तपकिरी, दाट आणि उग्र वासाचे. ते शेडमध्ये तापवायचे, त्यात मिथेनॉल, म्हणजे स्पिरिटसारखे भडकणारे रसायन, आणि कॉस्टिक सोडा मिसळायचे, ढवळायचे आणि ठेवून द्यायचे. खाली काकवीसारखे ग्लिसरीन बसते आणि वर डिझेल तरंगते, असे पुस्तिकेत होते. पुस्तिका इंग्रजीत होती. मी वाचून दाखवायचो आणि जिथे मला समजत नसे तिथे आम्ही पान उलटायचो.

पहिल्यांदा डिझेल झालेच नाही. सगळ्याचा साबण झाला. दुसऱ्यांदाही साबण. करंजाच्या तेलात आंबटपणा जास्त असतो, तो आधी काढावा लागतो, हे आम्हाला उशिरा कळले. तुळजाबाईंनी त्या साबणाने घरातली सगळी भांडी घासली.

"अवो, भांडी झ्याक निघाली," त्या शेडच्या दारात येऊन म्हणाल्या. "आता इंजान बी धुऊन घ्या येकदा."

त्या शेडमध्ये बिनधास्त ये-जा करणाऱ्या त्या एकट्याच. कोरोनात त्यांचा वास गेला होता आणि तो परत आलाच नाही. सून तेजस्विनी शेडच्या जवळून जाताना पदर नाही तर ओढणी नाकाला लावायची. आमच्याकडे मंदाकिनी माझा सदरा वेगळ्या बादलीत टाकायची. "अहो, तुमचे मित्र मोठे शास्त्रज्ञ आहेत, मान्य आहे," ती म्हणाली. "पण शोध लागेपर्यंत तुम्ही गच्चीत बसत जा."

साईनाथ हे सगळे पाहत होता. पावसाळा संपता संपता बिल्डरने दिवाळीनंतरची मुदत दिली, तेव्हा एका संध्याकाळी तो जोत्यावर येऊन बसला. मी उठायला लागलो तर म्हणाला, "बसा काका, तुमच्यासमोरच बोलतो." मग वडिलांकडे वळला. "आबा, एक करू. तुमच्या तेलावर माझा टेम्पो कात्रजचा घाट चढू दे. भरलेला. वर बोगद्यापर्यंत गेला की मी त्यांना नाही सांगतो. झाडाला हात लागणार नाही. नाही चढला तर तुम्ही सही करायची. रुसायचं नाही."

"इंजान बिघडलं तर?" हिंदुरावांनी विचारले.

"बिघडलं तर माझं बिघडलं."

"मंग ठरलं," हिंदुराव म्हणाले. मला वाटते, त्यांच्या आयुष्यात इतक्या सरळ शब्दांत कोणी त्यांना काही देऊ केले नसावे. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढूनही घेतला.

नवरात्रात ते जमले. शेडमध्ये काचेच्या बरणीत वरचा थर सोनेरी, आरपार दिसणारा होता. पाण्याने चार वेळा धुऊन, परत तापवून त्यांनी ते वाळवले. आता त्याला आधीसारखी दुर्गंधी नव्हती. जवळ नाक नेले तर करंजाचा मंद कडवट वास यायचा, एवढेच. त्यांनी चिंधी बुडवून पेटवून दाखवली. मग त्यांनी ते गोडेतेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये भरले, कारण तसे कॅन घरात भरपूर होते. शिबिरात सांगितले होते की प्रत्येक भांड्यावर नाव घालावे. शेडमध्ये निंबोळीच्या तेलाचाही एक प्रयोग चालू होता. म्हणून त्यांनी पांढरी पट्टी चिकटवून एका कॅनवर मार्करने लिहिले, निंबोळी. बाकीच्यांवर लिहिले, करंजी.

घाटात जायचे ठरले दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी, रस्त्यावर गर्दी व्हायच्या आत. मलाही बरोबर बसायचे होते. त्याआधीच्या आठवड्यात थंडी पडली. करंजाच्या डिझेलची एक खोड आहे. गारठ्यात ते धुकट होते, तळाशी मेणासारखा गर जमतो आणि मग ते फिल्टरमध्ये अडकते. शनिवारी सकाळी शेडमधले कॅन असे धुकटलेले दिसले तेव्हा हिंदुराव घाबरले. दिवसभर त्यांनी ते उन्हात ठेवले, तेव्हा पुन्हा स्वच्छ झाले. संध्याकाळी मी निघालो तेव्हा ते म्हणाले, "आज एक कॅन घरात ठिवतो. रातीचं गारठायला नको. पयला तोच टाकीत वतू."

घरात उबदार जागा एकच, स्वयंपाकघर. गॅसच्या ओट्याखाली त्यांनी तो कॅन ठेवला.

पुढचे मी पाहिलेले नाही. तेजस्विनीने मंदाकिनीला सांगितले आणि मंदाकिनीने मला. मंदाकिनीने ते दोन वाक्यांत सांगितले आणि ती आत निघून गेली. बाकीचे मला हळूहळू कळले.

तुळजाबाईंची एक जुनी पद्धत होती. चकली-शेव तळलेल्या तेलात त्या करंज्या तळत नसत. ओवा-तिखटाचा वास गोड पदार्थाला लागतो म्हणून. करंजीला तेल वेगळे. त्यांना स्वतःला वास येईनासा झाल्यापासून तर हे त्या जास्तच काटेकोरपणे पाळत, कारण चूक झाली तर कळायचा मार्ग नव्हता. म्हणून तेजस्विनी दर दिवाळीला करंज्यांसाठी कोरे तेल बाजूला काढून ठेवायची. त्या वर्षीही तिने ठेवले होते. वरच्या फडताळात.

रविवारी पहाटे तुळजाबाई उठल्या. सगळे घाटातून परत येतील तेव्हा ताज्या करंज्या द्यायच्या, असे त्यांच्या मनात होते. सारण आदल्या दिवशी झालेले होते. ओट्याखाली त्यांना कॅन दिसला. त्यांना अक्षरे लावून लावून वाचता येत होते. तेजस्विनी अंघोळीला गेली होती. दाराशी जाऊन त्या म्हणाल्या, "तू करंजीचं तेल काढून ठिवलंयस ते घेते गं."

"घ्या, आई," ती आतून म्हणाली.

"नाव बी घातलंयस, बरं केलंस."

पाण्याच्या आवाजात हे दुसरे वाक्य तिला नीट ऐकू आले नव्हते. आता मात्र ते तिला रोज ऐकू येते, असे ती म्हणाली.

हिंदुराव अंगणात टेम्पोपाशी होते. साईनाथने पोती भरून ठेवली होती आणि टाकी रिकामी केली होती. कॅन आणायला म्हणून हिंदुराव घरात शिरले आणि उंबऱ्यातच त्यांना तापलेल्या करंजाचा वास आला. त्यांनी हाक मारली. तुळजाबाईंनी वळून पाहिले. कढईतून धूर निघत होता. तेल तापल्याचा असेल असे वाटून त्या पहिली करंजी हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती सोडली की हातातच राहिली हे कोणाला माहीत नाही. त्याच क्षणी कढईने पेट घेतला. हिंदुरावांनी कढई उचलून बाहेर फेकायचा प्रयत्न केला. कडी तापलेली होती. कढई हातातून सुटली आणि तुळजाबाईंच्या लुगड्यावर गेली.

मी स्वेटर घालून फाटकातून आत आलो तेव्हा साईनाथ पोती टेम्पोतून खाली ढकलत होता. मला वाटले, बेत बदलला. मग तुळजाबाईंना घोंगडीत गुंडाळून बाहेर आणले. टाकी रिकामी होती. साईनाथने ड्रममधले नेहमीचे डिझेल ओतले. घाईत अर्धे जमिनीवर गेले. हिंदुराव मागे बसले. त्यांच्या दोन्ही तळव्यांची कातडी लोंबत होती आणि त्यांचे तिकडे लक्षही नव्हते. टेम्पो स्वारगेटच्या दिशेने गेला.

तुळजाबाई लक्ष्मीपूजनाच्या दुपारी गेल्या. दवाखान्याच्या खिडकीबाहेर फटाके चालू होते. त्या मधेमधे शुद्धीवर असत. एकदा त्यांनी विचारले, "घाट चढला का?" साईनाथ "हो" म्हणाला. मी तिथे होतो. हिंदुराव पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून भिंतीकडे पाहत बसले होते. त्यांनी मुलाकडे वळून पाहिलेही नाही.

त्यानंतर मी त्यांच्याकडे कमी जाऊ लागलो असे नाही. रोज जात होतो, पण बोलणे होत नव्हते. एकदाच ते आपणहून म्हणाले, "शेवटचं वाळवनं मी घाईत क्येलं व्हतं, श्यामराव. त्यात मिथेनॉल ऱ्हायलं आसंल. म्हनून येवढं लौकर धरलं." मला त्यातले काही कळत नाही. तसे झाले असेल किंवा नसेलही. कोणा जाणकाराला विचारावे, असेही मी म्हणालो. ते म्हणाले, "कशाला. सांगून काय हुनार."

तेराव्यानंतर साईनाथ संध्याकाळी जोत्यापाशी आला. बसला नाही, उभाच राहिला. शेडमध्ये करंजीचे आणखी कॅन शिल्लक होते.

"आबा, बिल्डरला मी नाही म्हणून सांगितलंय," तो म्हणाला. "सही करू नका. झाडं राहू द्या. आणि तुम्ही म्हणाल तेव्हा टेम्पो घाटात नेऊ. शिल्लक आहे ना तेल."

मला वाटले, आता हे रडतील. बरे होईल, असेही वाटले.

"त्यांना फोन लाव," हिंदुराव म्हणाले. "उद्या बोलाव. सही करतो."

"अहो आबा, मी नको म्हणतोय ना."

"तू नको म्हन. झाडं माझी हायती." हे ते अगदी हलक्या आवाजात बोलले. "मला त्यांच्याखाली बसवत न्हाय. वास येतो."

साईनाथने माझ्याकडे पाहिले. मी हिंदुरावांना काहीतरी म्हणायला हवे होते, असे त्याला वाटत असावे. मी म्हणालोही. "थोडे दिवस थांबा. उन्हाळा जाऊ द्या." त्यांनी मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. जळलेल्या बोटांत पेन धरता येईना, म्हणून अंगठा घेतला. बिल्डरचा माणूस सभ्य होता. शाईचा डबा त्याने स्वतः पुढे धरला.

झाडे माघात तोडली. परवानगीचे कागद कसे निघाले कोण जाणे, पण निघाले. करवतीचा आवाज आमच्या हॉलमध्ये येत होता. मंदाकिनीने खिडक्या लावून घेतल्या आणि दिवसभर ती एकही शब्द उपरोधाने बोलली नाही. सगळे घर तोपर्यंत कोंढव्याला भाड्याच्या जागेत गेले होते. झाडे पडताना पाहायला हिंदुराव आले नाहीत. साईनाथ आला होता. तो फाटकापाशी उभा राहून मोबाईलवर कोणाशी तरी मालाबद्दल बोलत होता, आणि बोलून झाल्यावरही फोन कानालाच धरून उभा होता.

त्यानंतर हिंदुराव मला एकदाच भेटले. फाल्गुनात, मार्केट यार्डाच्या बाहेर. मी मंदाकिनीने सांगितलेली लिंबे घ्यायला गेलो होतो. ते साईनाथची वाट पाहत एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते. हाडे दिसत होती. तळवे गुलाबी आणि गुळगुळीत झाले होते. मी शेजारी बसलो. पेठेतल्या आमच्या जुन्या घराचे काय झाले असे त्यांनी विचारले. मी सांगितले की पाडले. "आसं व्हय," ते म्हणाले. समोरून एक हमाल पाठीवर कांद्याचे पोते घेऊन गेला, एक परत आला.

गुढीपाडव्याच्या आधी ते गेले. झोपेत, असे साईनाथ म्हणाला. त्यांना दुसरे काही झालेले नव्हते.

त्या दिवशी पायरीवरून उठताना मी म्हणालो, "येतो मी. लिंबं घेऊन बारा वाजायच्या आत पोचलो नाही तर ऐकून घ्यावं लागेल."

"या की घरी एकदा," ते म्हणाले. "कोंढव्याला. पाचवा मजला हाय."

"लिफ्ट आहे ना? माझे गुडघे हल्ली ऐकत नाहीत."

"हाय लिफ्ट. बंद व्हती, कालच सुरू झाली."

"मग येतो."

"सकाळचं या. दुपारी लाईट जाती."